मशिदीचा नकाशा आणि गंजाडची भिंत

गेल्या वर्षी रमजानच्या आधी आमच्या गावच्या जमातची बैठक झाली. विषय एकच, जुनी मशीद पाडून नवी बांधायची. मी तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन आहे. सव्वीस वर्षे पाइपलाइन, टाक्या आणि लोखंडी सांगाडे यांचे नकाशे काढतो आहे. बैठक संपता संपता एक बुजुर्ग मला म्हणाले, "तू नकाशे काढणारा माणूस. आधी तूच काहीतरी काढून दाखव. मग आर्किटेक्टकडे जाऊ."

मला खूप आनंद झाला. आयुष्यभर पाइपांचे कोपरे मोजणाऱ्याला अल्लाहच्या घराचा नकाशा काढायला मिळाला! ईशाची नमाज झाली की रात्री कॉम्प्युटरसमोर बसायचो. इस्तंबूल, मदिना, अबुधाबी, जिथली मिळतील तिथली छायाचित्रे उतरवून घेतली. मोठा घुमट, चार मिनार, बाजारात तयार मिळणाऱ्या जाळ्या. तीन रात्रींत चित्र तयार झाले. मोबाइलवर सगळ्यांना पाठवले. "माशाअल्लाह"चा पाऊस पडला.

फक्त मलाच ते चित्र आवडत नव्हते. का आवडत नाही, हे कळायला पुढे काही महिने लागले आणि काही प्रवासही करावा लागला. त्याविषयीच आज लिहितो आहे. कारण हा प्रश्न केवळ आमच्या गावचा नाही. किनाऱ्यावरच्या अनेक गावांत आज हेच चालले आहे.

आमची मशीद बाहेरून पाहिली तर एखाद्या मोठ्या घरासारखी दिसते. दगडी जोते, सागाचे खांब, वर मंगलोरी कौले, पुढे ओटा, बाजूला वजूचा हौद. मिनार नाही, घुमट नाही. लहानपणी मे महिन्यात जोहरची नमाज झाली की आम्ही मुले तिथेच फरशीवर आडवी व्हायचो, कारण गावात त्याहून गार जागा दुसरी नव्हती. तरीही नवी मशीद काढायला बसलो तेव्हा या इमारतीकडे एकदाही बघावेसे मला वाटले नाही. ती माझ्या लेखी नमुना नव्हतीच. ती फक्त पाडायची होती.

डोळे उघडले ते गंजाडला. कंपनीत परदेशी पाहुणे आले होते आणि त्यांना वारली चित्रे पाहायची होती. साहेबांनी मला सोबत धाडले. डहाणू तालुक्यातले हे गाव बोईसरहून तास-सव्वा तासाच्या अंतरावर आहे, आणि जन्म या जिल्ह्यात जाऊनही मी तिथे कधी गेलो नव्हतो. जिव्या सोमा म्हसे या गावचे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने वारल्यांची भिंतीवरची चित्रे कागदावर आणायला मदत केली, आणि म्हशांचे काम पुढे जगभर गेले. १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या आधी पिढ्यान्‌पिढ्या लग्नाचा चौक लिहिण्याचे काम बायकांचे होते, हेही विसरता कामा नये.

पाहुणे फोटो काढत होते आणि मी ड्राफ्ट्समनच्या डोळ्यांनी भिंत वाचत होतो. कुडाची भिंत, वर शेणमातीचा आणि गेरूचा हात. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, तोच ब्रश. आकार तीनच, वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस उभा राहतो. यातली एकही वस्तू बाहेरगावाहून मागवलेली नाही. चित्रात तरी काय? भाताची लावणी, ताडाचे झाड, मासे धरायचे जाळे. जे रोज समोर आहे तेच.

इथे आमच्यातले काही वाचक म्हणतील, चित्रे हा आपला विषय नाही. बरोबर, जिवंत आकृत्या काढण्याबद्दल आपल्याकडे संकोच आहे आणि मशिदीत तर त्या येण्याचा प्रश्नच नाही. मी ती माणसे उचलून आणा असे म्हणत नाही. पण वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन यांच्यापाशी कोणाचे अडले आहे? आपली सगळी नक्षी पट्टी आणि कंपास यांतूनच निघाली. वर्तुळाचे सहा किंवा आठ भाग करा, बिंदू जोडा, तारा तयार. गंजाडच्या भिंतीने मला आकृती दिली नाही, प्रश्न दिला. हातापाशी असलेल्या वस्तूंतून या बायकांनी एवढे उभे केले, मग मी माझ्या गावच्या मशिदीसाठी तीन रात्री इस्तंबूलला का घालवल्या?

त्या प्रश्नानंतर मी प्रवासात वेगळे पाहू लागलो. एका लग्नाच्या निमित्ताने अहमदाबादला गेलो तेव्हा सिदी सय्यदच्या मशिदीपुढे तासभर उभा राहिलो. हबशी वंशाच्या या माणसाने १५७२-७३ साली, गुजरातची सल्तनत बुडण्याच्या बेतात असताना, ती बांधली. तिच्या दगडी जाळीत झाडाच्या फांद्या एकमेकींत गुंतत वर जातात. पूर्वी हे मी कॅलेंडरवर पाहिले होते आणि "आपली कला" म्हणून अभिमान बाळगला होता. या वेळी जाळीतला ताड नीट पाहिला आणि आमच्या शिरगावच्या किल्ल्यातला फांद्या फुटलेला ताड आठवला. ताडाला सहसा फांदी फुटत नाही, पण आपल्या किनाऱ्यावर ही जात आहे. सहलीला आलेली मुले त्याच्यासमोर फोटो काढतात. मीही काढला होता. त्यात जाळी दडलेली आहे हे पाहायला मला अहमदाबादला जावे लागले.

दुसरा प्रवास केरळचा. कामासाठी कोचीला गेलो होतो, रविवार मोकळा होता म्हणून पहाटेची गाडी धरून कोझिकोडला गेलो. तिथली मिश्काल मशीद चौदाव्या शतकात एका अरब व्यापाऱ्याने बांधली. लाकडाचे मजल्यावर मजले, वर उतरती कौले. घुमट नाही, मिनार नाही. ज्या पोर्तुगीजांचे किल्ले आपल्या तारापूरला, केळव्याला आणि माहीमला आहेत, त्यांनी १५१० साली या मशिदीला आग लावली होती. ती पुन्हा उभी राहिली, आणि पुन्हा तशीच, लाकूड-कौलांची. बांधणारा अरब होता. त्याला घुमट ठाऊक नव्हता काय? पण मलबारचा पाऊस ज्याला कळतो तो छप्पर उतरतेच करणार.

घरी येऊन वाचू लागलो. मालीतल्या जेन्नेची मशीद मातीची आहे आणि सारे गाव मिळून दर वर्षी तिला लिंपते. चीनमधल्या शिआनची मशीद तिथल्या जुन्या वास्तूंसारखीच दिसते. ढाक्यात मरिना तबस्सुम या वास्तुशिल्पी बाईने आजीने दिलेल्या जमिनीवर विटांची मशीद बांधली. ती २०१२ मध्ये पुरी झाली. तिला घुमट नाही, मिनार नाही, उजेड आणि वारा मात्र भरपूर आहे. २०१६ मध्ये तिला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. आणि सर्वांत पहिली गोष्ट मी सर्वांत शेवटी ध्यानात घेतली. मदिनेत पैगंबरांनी (सल्ल.) बांधलेल्या मशिदीच्या भिंती कच्च्या विटांच्या होत्या, खांब खजुरीच्या बुंध्यांचे आणि छप्पर खजुरीच्या झावळ्यांचे. मदिनेत जे उगवत होते त्याचीच ती मशीद होती.

आमच्या शेजारच्या चिंचणीला सापडलेले ताम्रपट अनेकांना माहीत नसतात. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा. राष्ट्रकूट राजांच्या वतीने संजाण प्रांताचा कारभार तेव्हा एक मुसलमान पाहत होता. त्याचे नाव महंमद, पण ताम्रपटात ते "मधुमती" असे लिहिले आहे. त्याने लोकांसाठी फुकट नावा ठेवल्या, अन्नछत्र घातले, आणि देवीच्या मठाला जमीन देण्यासही त्याची संमती होती. त्याचे ईमान ते त्याच्याकडे होते. नावाचा उच्चार मात्र या किनाऱ्याने आपल्या जिभेने केला आणि त्याला त्यात कमीपणा वाटला नसावा. आमच्या मशिदीचे कौलारू छप्पर मला तसेच वाटू लागले आहे. नमाज तीच आहे, बोली इथली आहे.

आता दुसरी बाजू. ती खरी आहे आणि मी ती टाळणार नाही. कौले दर पावसाळ्याआधी चाळावी लागतात आणि तो कारागीर मिळत नाही. दोन तुळयांना वाळवी लागली आहे. एमआयडीसीमुळे उत्तर प्रदेश, बिहारमधून माणसे आली, जुम्याला सफा रस्त्यापर्यंत जातात. जागा वाढवलीच पाहिजे. आणि बैठकीत एक तरुण जे बोलला ते माझ्या काळजाला लागले. तो म्हणाला, "चाचा, घुमट दिसला तर आपण इथे आहोत हे तरी दिसतं." आजच्या दिवसांत ही भावना कुठून येते ते मला कळते. मी त्याला हसलो नाही.

पण त्याला मी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली माझ्या धंद्यातली. समुद्राच्या खाऱ्या हवेत सळई गंजते, गंजून फुगते आणि वरचे काँक्रीट पापुद्र्यासारखे सुटते. आसपासच्या कितीतरी इमारतींत स्लॅबमधून सळया डोकावताना दिसतात. आपले सागाचे खांब आजोबांच्या आधीचे आहेत. दुसरी गोष्ट अशी की बाजारातून आणलेला घुमट आपण कोणत्याही गावात ठेवू शकतो, म्हणून तो आपण इथले आहोत हे सांगू शकत नाही. ते काम या खांबांचे आहे. ते इथल्या सुतारांनी तासले आहेत, आणि ते सुतार आपल्या जमातचे नव्हते, हे म्हातारी माणसे अजून सांगतात.

मग मी दुसरा नकाशा काढला. जुनी नमाजची जागा तशीच ठेवून, वाळवीच्या तुळया बदलून, मागे दोन मजली नवी जोड द्यायची, तिलाही उतरते छप्पर. हौद हलवायचा नाही. वाऱ्याच्या बाजूला जाळी, आणि जाळीत शिरगावचा फांद्या फुटलेला ताड, साध्या त्रिकोण-वर्तुळांत. जाळीचे चित्र मी चिंचणीच्या एका डायमेकर दोस्ताला दाखवले. दागिन्यांच्या साच्यांसाठी पोलादात फुले-पाने कोरण्यात त्याचा जन्म गेला. तो म्हणाला, "रेषा फार बारीक आहेत, तुटतील. देठ जाड कर." मी जाड केले. झाड जास्त चांगले दिसू लागले.

दुसऱ्या नकाशाला "माशाअल्लाह"चा पाऊस पडला नाही. निम्मे लोक मान डोलावतात, निम्म्यांना घुमटच हवा आहे. निर्णय अजून व्हायचा आहे, आणि कदाचित माझ्या बाजूने होणारही नाही. जमात ठरवील ते मी मान्य करीन.

वाचकांना मात्र एक विनंती आहे. तुमच्या गावात जुनी मशीद असेल, दर्गा असेल, मंदिर किंवा नुसते जुने घर असेल, तर ते पाडण्याच्या बैठकीआधी एका रविवारी मोजपट्टी, वही आणि घरातले एखादे मूल घेऊन तिथे जा. खांब मोजा, दाराची उंची लिहा, नक्षीचे कागदावर ठसे घ्या. मी सव्वीस वर्षे नकाशे काढतो आहे, पण आमच्या मशिदीचा माप घेऊन काढलेला पहिला नकाशा गेल्या वर्षीचा आहे. त्याआधी तो कोणीच काढला नव्हता.