अटक असेल तर कागद दाखवा, नसेल तर वाट सोडा!



परवा मंत्रिमहोदय तालुक्यात येऊन गेले. त्यांना कांद्याच्या भावाचं निवेदन देणार होते, एवढ्यावरून आपल्यातले शेतकरी आणि कॉलेजची दोन पोरं पहाटेच घरातून उचलली गेली. मोबाइल काढून घेतले, दिवसभर ठाण्यातल्या बाकड्यावर बसवलं. संध्याकाळी हेलिकॉप्टर उडालं आणि हुकूम झाला, "जा आता." सत्ता कुठल्याही पक्षाची असो, दौरा म्हटला की हे ठरलेलंच.

घरचे चौकशीला गेले तेव्हा उत्तर मिळालं, "अटक नाही हो, नुसतं बसवून ठेवलंय." म्हणून ना डायरीत नोंद, ना कारण, ना वकील.

हे उत्तर शांतपणे तपासू. राज्यघटनेचं कलम २२ म्हणतं, अटक केलेल्याला कारण सांगा, वकिलाला भेटू द्या, २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७०, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १५१, गुन्ह्याआधीच अटक करू देतं, पण दोन अटींवर: दखलपात्र गुन्ह्याचा बेत पोलिसाला ठाऊक हवा आणि अटकेवाचून तो टळणार नसावा. तेव्हा अटक असेल तर सांगा, बेत कोणत्या गुन्ह्याचा होता? निवेदन देण्याचा? आणि अटक नसेल, तर घरी निघालेल्या माणसाला दारात अडवलंत कोणत्या कायद्यानं? कायद्यानं ठरवलेल्या पद्धतीवाचून कुणाचंही स्वातंत्र्य हिरावता येत नाही, असं कलम २१ बजावतं. अटक आणि मोकळीक, या दोहोंच्या मधली चोरवाट घटनेत नाही.

१९६८ च्या नोव्हेंबरात खासदार मधु लिमये यांना बिहारमधल्या लखीसराय स्थानकावर पकडलं. याच १५१ चा आधार होता. अटकेची कारणं त्यांना सांगितली नव्हती, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबरात त्यांना सोडलं. जम्मू-काश्मीरचे आमदार भीम सिंग यांना अधिवेशनाला जाताना अडकवलं, तेव्हा १९८५ मध्ये त्याच न्यायालयानं त्यांना ५०,००० रुपये भरपाई मिळवून दिली. आमदाराचा हक्क बुडाला तर पन्नास हजार, शेतकऱ्याचा बुडाला तर एक कटिंग!

होय, चहाच. "चहा-नाश्ता दिला की, मारलं थोडंच?" असं सांगणारे शहाणे गावात आहेतच. पाहुणचार एवढाच होता तर निरोप घेऊन निघता का आलं नाही?

दुसरे म्हणतात, "काही तासांचाच तर प्रश्न!" २४ तास ही कायदेशीर अटकेवरची कमाल मर्यादा आहे, विनाकारण डांबायला दिलेला तो कोटा नव्हे.

सुरक्षेचा मुद्दा मात्र खरा असू शकतो. खरा धोका असेल तर तो लेखी मांडा, अटक करा, दंडाधिकाऱ्याला पटवा. ज्याला कागदावर लिहायची लाज वाटते, त्याला बंदोबस्त म्हणू नका.

आमच्या मागण्या तीनच. ठाण्यात आणलेल्या प्रत्येकाची वेळेसह डायरीत नोंद करा आणि कारण त्याच्या हाती लेखी द्या. अटक केली असेल तर संहितेच्या कलम ३७ प्रमाणे नाव ठाण्याच्या दर्शनी भागात लावा.

आणि आपण? पुढच्या दौऱ्याला शेजारी उचलला गेला तर एकटे जाऊ नका, दहाजण जा. कोणत्या कलमाखाली आणलं, एवढंच विचारणारा अर्ज द्या. तोंडी उत्तरावर परतू नका. सही-शिक्क्याची पोच हातात पडेपर्यंत ठाण्यातून हलू नका.

— तालुक्यातील नागरिक

(वाचा, झेरॉक्स काढा, पुढे द्या.)