दालचिनीची चव

लिस्बनला आम्ही सहकुटुंब गेलो, बेलेंचे पाश्तेल दालचिनी भुरभुरून खाल्ले. दुकानात पावाला ‘पांव’च म्हणतात, हे ऐकून मुले हरखली. आपली बहुतेक प्रवासवर्णने इथेच तृप्तीची ढेकर देतात, हा आमचा जुना आक्षेप. ती दालचिनी त्या मेजावर कशी आली, हे शेजारचा जेरोनिमुश मठ सांगतो. मसाल्याच्या व्यापारावरील कराच्या पैशातून तो उभारला. आत वास्को द गामाची कबर आहे. नदीकाठचे दर्यावर्द्यांचे आजचे पक्के स्मारक १९६० सालचे, म्हणजे गोवामुक्तीच्या केवळ वर्षभर आधीचे! त्यापुढे छायाचित्रासाठी हसताना (हसलो आम्हीही) मराठी वाचणारा माणूस जरासुद्धा अवघडत नसेल, तर आम्ही वर्गात नेमके काय शिकवतो?