बांधलेले लाकूड

भाषांतराचा व्यवसाय पत्करलेल्या माणसाला शब्दाच्या मुळाशी जाण्याची खोड जडते, आणि ती सुट्टीतही सुटत नाही. गतवर्षी सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही सहा मित्रमैत्रिणींनी हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांमध्ये एक शिडाची नाव आठ दिवसांकरिता भाड्याने घेतली. ह्या जातीच्या नावेस सर्वत्र 'कॅटमरॅन' म्हणतात. निघण्यापूर्वी मी कोश उघडला, तो त्या शब्दाने मला आपल्याच किनाऱ्यावर आणून सोडले. तमिळमध्ये 'कट्टु' म्हणजे बांधणे आणि 'मरम्' म्हणजे झाड अथवा लाकूड. कट्टुमरम् म्हणजे बांधलेले लाकूड. चोलमंडलाच्या किनाऱ्यावरील कोळी काही ओंडके दोरीने एकत्र आवळून त्यांवर समुद्रात जात, आणि परतल्यावर दोरी सोडून ओंडके वाळूत वाळत घालीत. खिळा ते मारीत नसत. दोरीने बांधलेले लाकूड लाटेबरोबर किंचित हलते आणि म्हणूनच टिकते.

विल्यम डँपियर ह्या इंग्रज दर्यावर्दीच्या १६९७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तात हे नाव येते. पुढे ते पॅसिफिक महासागरातील बेटवासीयांच्या जोडनावांना चिकटले. आजची कॅटमरॅन ही त्या जोडनावांचीच वंशज: दोन लांबट, अरुंद होड्या आणि त्यांना जोडणारा मधला पाट. नाव तमिळ आणि घडण पॅसिफिकची, असा हा संकर आहे. १८७६ साली नॅथॅनिएल हेरेशॉफ ह्या अमेरिकन नौकाकाराने अशी एक नाव न्यूयॉर्कच्या शर्यतीत उतरविली. तिने इतरांना सहज मागे टाकले, आणि ह्याच कारणास्तव तिला बाद ठरविण्यात आले.

परंतु मला आज नावेपेक्षा दोरीविषयी लिहावयाचे आहे.

पुण्यात शिकत असताना आम्ही सहाही जण एकाच खाणावळीत जेवीत असू. पुढे नोकरीधंद्याने सहा राज्यांत पांगलो. नागपूर, बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद आणि दिल्ली अशी आमची सहा ठिकाणे. गाठीभेटी अगदीच तुटू नयेत म्हणून आम्ही एक प्रवासनिधी काढला. दरमहा प्रत्येकाने ठरलेली रक्कम भरावयाची आणि आठ वर्षांनी मिळून समुद्रप्रवास करावयाचा, असा संकल्प. हिशेब नागपूरच्या मित्राकडे होता. तो बँकेत आहे, आणि पैशाच्या बाबतीत काटेकोर आहे. सहावे वर्ष सरत असताना बेळगावच्या मित्राचे हप्ते थांबले, ते अकरा महिने थांबले. अखेर नागपूरकराने सर्वांना हिशेबाचा तक्ता धाडला आणि त्यात एका नावापुढे लाल अक्षरांत 'थकबाकी' असे लिहिले. बेळगावकराने महिन्याच्या आत सारी रक्कम, कोणी न मागितलेल्या व्याजासह, भरून टाकली. त्या दिवसापासून त्याने नागपूरकराशी बोलणे सोडले.

ह्या प्रकरणातील एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. त्या अकरा महिन्यांत बेळगावकराच्या वडिलांवर दोनदा शस्त्रक्रिया झाली होती आणि खर्चासाठी त्याने आपल्या छापखान्यातील एक यंत्र विकले होते. 'कोणाला सांगू नकोस,' असे त्याने मला बजावले होते. मी सांगितले नाही. तक्ता हाती पडला तेव्हा नागपूरकराला एक ओळ लिहावी असे मनात आले होते; परंतु दिलेला शब्द पाळणे हेच उचित, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरे कारण निराळे होते. दोघांच्या मध्ये पडून दोघांचाही रोष ओढवून घेण्याची माझी तयारी नव्हती.

असे आम्ही सहा जण माहे बेटावर उतरलो. सेशेल्स हे शंभराहून अधिक बेटांचे राष्ट्र १९७६ साली स्वतंत्र झाले. विषुववृत्ताच्या दक्षिणेस चारपाच अंशांवर असलेल्या ह्या समूहातील मुख्य बेटे भर महासागरात असूनही ग्रॅनाइटची आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थर साचत होते त्या सुमारास, हा भूभाग भारताच्या पश्चिम कडेपासून अलग झाला, असे भूशास्त्रज्ञ मानतात. माणसांचा संबंध त्यामानाने कालचा. १७७० साली येथे जी पहिली वसाहत झाली तीत पाच भारतीय होते. आज येथील चलनाचे नाव रुपया आहे, आणि व्हिक्टोरिया ह्या राजधानीत तमिळ मंडळींनी उभारलेले नवशक्ती विनायगर मंदिर आहे. प्रवासारंभी गणपतीचे दर्शन घडले म्हणून सर्वांना बरे वाटले. मात्र आमचे दोन मित्र सभामंडपाच्या दोन टोकांना उभे होते.

नाव सुमारे बारा मीटर लांब आणि जवळजवळ सात मीटर रुंद होती. प्रत्येक होडीच्या पोटात निजण्याच्या दोन खोल्या, मधल्या पाटावर स्वयंपाकघर व बसण्याची जागा, आणि पुढे दोन्ही नाळांच्या मध्ये ताणून बसविलेले जाळे. त्या जाळ्यावर पालथे पडले की खालून हिरवे पाणी धावताना दिसे. आमच्यापैकी कोणासही शीड हाताळता येत नव्हते, म्हणून नावेबरोबर एक स्थानिक तांडेल घेतला होता. पन्नाशीचा, मितभाषी गृहस्थ. पहिल्याच सकाळी त्याने नियम सांगितले. गोडे पाणी मोजके आहे. भांडी प्रथम समुद्राच्या पाण्याने धुवावीत. चालत्या नावेत एक हात कामाला आणि एक हात आधाराला असावा. आणि जे काम ज्याला दिले ते झाल्यावर त्याने मोठ्याने 'झाले' म्हणावे. हा तिसरा नियम आम्हाला पोरकट वाटला.

माहेहून प्रालँ बेट सुमारे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांवर आहे. मे ते सप्टेंबर येथे आग्नेयेचे वारे वाहतात आणि समुद्र खवळलेला असतो. सप्टेंबरच्या शेवटी त्यांचा जोर ओसरू लागतो. तरीही पहिले दोन तास इंदूरची डॉक्टर मैत्रीण स्वतःच सर्वांआधी आडवी झाली. तांडेलाने वारा वाढण्यापूर्वीच शीड आखूड केले. मी कारण विचारले तेव्हा त्याने सांगितले ते माझ्या लक्षात राहिले आहे. एका तळाची नाव वाऱ्याने कलते, म्हणून भार वाढल्याचे सर्वांना कळते; आणि तळाच्या वजनामुळे ती पुन्हा उभी राहते. कॅटमरॅन जवळजवळ कलतच नाही. पेल्यातील चहा हिंदकळत नाही. म्हणून भार किती चढला हे नवख्याला उमजत नाही, आणि अशी नाव उलटलीच तर ती आपण होऊन सरळ होत नाही.

वाचकहो, त्या चार दिवसांत आमची मंडळीही अशीच न कलता चालली होती. कोणी कोणास टाकून बोलत नव्हते. 'त्याला मीठ दे' असे तिसऱ्याच्या तोंडून सांगितले जाई, एवढेच. आम्ही कझिन बेट पाहिले. १९६८ साली ते पक्षिसंरक्षणासाठी विकत घेण्यात आले, तेव्हा एका जातीचा लहानगा गाणारा पक्षी केवळ तेथेच आणि फार थोड्या संख्येने उरला होता. त्या बेटाला बाहेरची नाव लावू देत नाहीत. उंदीर शिरतील ह्या भीतीने तेथील रखवालदार आपल्याच होडीतून पाहुण्यांना नेतात. प्रालँच्या व्हॅले द मे ह्या रानात दर्यानारळाची झाडे पाहिली. जगातील सर्वांत मोठे बीज ते हेच. १७६८ साली ही झाडे सापडण्यापूर्वी ही जुळी फळे दूरच्या किनाऱ्यांवर वाहत येत आणि लोक त्यांना समुद्राच्या तळाशी उगवणारी समजत.

पाचव्या दिवशी सायंकाळी क्युरियझ बेटाजवळ नांगर टाकला. ह्या बेटावर अजस्र कासवे मोकळी फिरतात. १९६५ पर्यंत येथे महारोग्यांची वसाहत होती. नांगर धरल्याची खात्री झाल्यावर तांडेलाने साखळीला एक आकडा अडकविला. त्या आकड्यापासून नायलॉनचे दोन दोर निघून दोन्ही नाळांना बांधले जातात. घोड्याच्या लगामासारखी ही रचना असते. साखळी ताणत नाही, दोर ताणतो आणि लाटेचा हिसका सोसून घेतो. दोन्ही दोर सारख्या लांबीचे असले म्हणजे नाव वाऱ्याला सरळ तोंड देऊन उभी राहते. नाळेवरील धातूच्या कडेवर दोर घासू नये म्हणून दोन्ही बाजूंना फडके गुंडाळावयाचे असते. तांडेलाने जुन्या फडक्यांची गुंडाळी नागपूरकराच्या हाती दिली आणि 'तुम्ही दोघे हे करा' असे बेळगावकराकडे पाहून म्हटले.

रात्री दोनच्या सुमारास पावसाची सर आणि तिच्यासोबत वाऱ्याचा झोत आला. मोठा आवाज झाला आणि नाव एका अंगाला फिरली. वर येऊन पाहतो तो डाव्या नाळेचा दोर तुटलेला. सारा भार उजव्या दोरावर आलेला, नाव तिरपी उभी, आणि प्रत्येक झोताबरोबर साखळीला हिसके बसत होते. नांगर सुटला असता तर पाठीमागे खडक होते. तांडेलाने दोन्ही यंत्रे सुरू करून नाव हळूहळू पुढे नेली, म्हणजे साखळी सैल पडेल. त्याला सुकाणू सोडता येत नव्हते. त्याने ओरडून दोघांना पुढे धाडले आणि बत्ती माझ्या हाती दिली.

एकाने यंत्राने साखळी ओढावयाची, दुसऱ्याने पालथे पडून आकडा वर घ्यावयाचा व नवा दोर बांधावयाचा. हे न बोलता होण्यासारखे नव्हते. 'ओढ.' 'थांब.' 'हात काढ, हात काढ!' 'झाले.' दोन वर्षांत त्या दोघांच्या तोंडून एकमेकांसाठी निघालेले ते पहिले शब्द. काम वीस मिनिटांत आटोपले. मग मी बत्ती तुटलेल्या टोकाकडे नेली. उजव्या दोराला फडके नीट गुंडाळलेले होते. डाव्याला नव्हते. आपली बाजू आपण केली, दुसरी तो करील, असे नागपूरकराला वाटले होते. फडकी त्याच्या हाती आहेत तेव्हा दोन्ही बाजू तोच करील, असे बेळगावकराला वाटले होते. दोघांपैकी एकानेही विचारले नव्हते. तिसऱ्या नियमाचा अर्थ आम्हाला तेव्हा उमगला.

सकाळी चहाच्या वेळी मी बेळगावकराला विचारले, 'आता सांगू का?' त्याने पाण्याकडे पाहत खांदे उडविले. मी शस्त्रक्रियांचे सांगितले, विकलेल्या यंत्राचे सांगितले, आणि मी गप्प राहिले हेही सांगितले. नागपूरकर बराच वेळ काही बोलला नाही. मग मला म्हणाला, 'मला एक ओळ लिहायची होतीस.' माझ्यापाशी उत्तर नव्हते. नंतर त्याने बेळगावकराकडे वळून विचारले, 'काका आता कसे आहेत?'

'गेल्या श्रावणात गेले,' बेळगावकर म्हणाला.

ही वार्ता आम्हा चौघांना होती. नागपूरला कोणी तरी कळविले असेलच, असे चौघांनीही गृहीत धरले होते.

त्यापुढे कोणी कोणाच्या गळ्यात पडले नाही. नागपूरकर उठला, उरलेले फडके घेऊन डाव्या नाळेपाशी गेला आणि दोराला गुंडाळू लागला. थोड्या वेळाने बेळगावकरही गेला आणि त्याने दोराचे दुसरे टोक धरले. काय बोलले ते मला ऐकू आले नाही. परतीच्या दिवशी हिशेब मांडला तेव्हा कागद दोघांच्या मध्ये होता. दिवाळीनंतर नागपूरकर बेळगावला जाऊन काकूंना भेटून आला, असे त्याने पत्राने कळविले. सर्व पूर्ववत झाले असे मी म्हणणार नाही. त्या दोघांत अजून एक सावधपणा आहे, आणि माझ्याशीही तो आहे. तो मी पत्करला आहे.

आपल्यापैकी कोणी अशा प्रवासास निघणार असेल तर थोडे सांगते. एप्रिल आणि ऑक्टोबर हे दोन वाऱ्यांच्या मधले महिने. त्या वेळी तेथील समुद्र शांत असतो. शीड हाताळण्याचा अनुभव नसेल तर तांडेल अवश्य घ्यावा, त्या खर्चात काटकसर करू नये. सामान मऊ पिशव्यांतून न्यावे, कारण पेट्या ठेवण्यास नावेत जागा नसते. सामाईक खर्चाची वही रोज रात्री सर्वांसमक्ष लिहावी. आणि निघण्यापूर्वी सोबत्यांपैकी कोणाचे कोणाशी बोलणे थांबले असेल, आणि त्याचे कारण आपणास ठाऊक असेल, तर विमानात बसण्याआधी ते बोलून टाकावे. मी ते दोन वर्षे उशिरा केले.