खो घालणे आणि खो देणे

आपल्या मराठीने खो-खोवर एक अन्याय करून ठेवला आहे. कुणाचे चाललेले काम बिघडवले की आपण म्हणतो, ‘त्याने त्यात खो घातला!’ मैदानावर मात्र खो ‘देतात’. आपला दम संपण्याआधी, नेमक्या क्षणी, नेमक्या जागी बसलेल्या खेळाडूकडे पाठलाग सोपवणे म्हणजे खो देणे. तिसरीपासून मी हा खेळ खेळत आले आहे. लहानपणापासून जोपासलेल्या खेळाने आयुष्यात कोणती भर पडते, या प्रश्नाचे माझे उत्तर या दोन क्रियापदांतल्या फरकात आहे.

‘खेळाने शरीर सुदृढ होते, शिस्त लागते’ हे वाक्य शालेय निबंधांत लिहून लिहून आपण गुळगुळीत केले आहे. ते खोटे नाही. पण तेवढ्यासाठी सकाळची कवायतही पुरे. खो-खोत पाठलाग करणाऱ्या नऊ जणांपैकी एकच धावतो. उरलेले आठ एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात. खो मिळाल्यावाचून उठायचे नाही, आणि धावताना एकदा धरलेली दिशा मनाला येईल तेव्हा बदलायची नाही. बसलेला खेळाडू रिकामा नसतो. त्याचे डोळे पळणाऱ्यांच्या पावलांवर खिळलेले असतात. आणि ज्याने खो दिला, तो उठलेल्याच्या जागी मुकाट्याने बसतो! गडी बाद करणाऱ्या हाताला टाळ्या मिळतात, पण त्याआधीच्या चार-पाच जणांनी त्या गड्याला कोंडीत आणलेले असते. थांबणे हेही काम आहे आणि वेळेवर जागा सोडणे हाही पराक्रम आहे, हे मला कोणत्याही व्याख्यानाने इतके पटवले नसते.

हे लहानपणीच का शिकावे? विसाव्या वर्षी आपण उपदेशाशी वाद घालतो. आठव्या वर्षी अंगच शिकते. हार वर्षातून एकदा, निकालाच्या दिवशीच भेटली तर ती राक्षसासारखी वाटते. रोज संध्याकाळी मैदानावर भेटली, की तिच्याशी ओळख होते.

हा खेळ आपल्या मातीतला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास त्याला नियमांची चौकट दिली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवून ती जिंकली. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या. पण उद्याच्या कर्णधाराने आपल्या गावात खेळावे कुठे?

राई, मुर्धे, मोर्वा, उत्तन ही गावे आणि मैलोगणती पसरलेली मिठागरे, हे एके काळचे मीरा-भाईंदर. १९८५ साली येथे नगरपरिषद आली, २००२ साली महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर गेली. माणसांना घरे हवीत, याबद्दल तक्रार नाही. पण खो-खोला हवी तरी किती जागा? लांबी तीस मीटरांच्या आत, रुंदी सोळा मीटर, आणि दोन खांब. तेवढीही मोकळी जमीन आज मुलांना इमारतींच्या वाहनतळांत शोधावी लागते, आणि तिथून रखवालदार त्यांना हुसकावतो. मुलींचे तर त्याआधीच सुटते. शाळेत माझ्याबरोबर धावणाऱ्या बहुतेक मैत्रिणींचा खेळ ‘आता दहावी आहे’ या एका वाक्याने संपला. ते वर्ष सरले, पण खेळ काही परत आला नाही. याला म्हणतात खो घालणे!

खेळाडूंना परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात, ते योग्यच आहे. पण त्यामुळे खेळ म्हणजे प्रमाणपत्र अशी आपली समजूत झाली आहे. जो संघात निवडला जात नाही, त्याने प्रेक्षक व्हावे! मला हे मान्य नाही. गाणे न येणाराही गुणगुणतोच ना?

म्हणून प्राध्यापकांना आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींना एक विनंती आहे. आठवड्यातून एक तास मैदान अशांसाठी राखावे, ज्यांचे नाव कोणत्याही संघाच्या यादीत कधीच लागणार नाही. मुलींसाठी तो तास आवर्जून असावा. चषकांचे कपाट त्याने भरणार नाही. पण पुढे संसारात, कचेरीत, सार्वजनिक कामात खो घालणारे उदंड भेटणार आहेत. खो देणारे चार तरी आपल्या महाविद्यालयातून बाहेर पडोत.