विश्लेषण : महिनोन् महिने उभी असलेली कार का बिघडते? ‘पाच मिनिटं चालू करून ठेवा’ हा सल्ला कितपत बरोबर?

भंडारा रोड रेल्वे स्टेशन भंडारा शहरात नाही, ते वरठीत आहे. पुण्या-मुंबईत नोकरी करणारी अनेक मुलं दिवाळीला इथंच उतरतात. घरची कार मात्र वर्षातले बरेच महिने अंगणात कव्हरखाली उभी असते. ती विकली जात नाही, कारण घरी म्हातारे आईवडील असतात आणि रात्री-अपरात्री नागपूरच्या हॉस्पिटलला जायची वेळ आली, तर गाडी हाताशी असावी, असं सगळ्यांना वाटतं. चालवायला शेजारचा कुणीतरी असतो. पण नेमकी गरज पडते तेव्हा किल्ली फिरवली की फक्त ‘कट-कट’ आवाज येतो.

बॅटरी नेमकी कशी उतरते?

कार बंद असली तरी पूर्ण बंद नसते. अलार्म, सेंट्रल लॉक, घड्याळ, इंजिनचा कॉम्प्युटर थोडा थोडा करंट घेत राहतात. तो ३० मिलिअँपिअर धरला, तर दिवसाला साधारण ०.७ अँपिअर-अवर खर्च होतो. छोट्या कारमध्ये बऱ्याचदा ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते. म्हणजे साडेतीन आठवड्यांत ती निम्मी होते. बॅटरी जुनी असेल आणि बाहेर विदर्भातला मे महिना असेल, तर त्याआधीच.

यावर घरोघरी ठरलेला उपाय म्हणजे फोनवरचं वाक्य : “बाबा, गाडी रोज पाच मिनिटं चालू करून ठेवा.” उलट याच सवयीनं नुकसान होऊ शकतं. स्टार्टर मोटर एका झटक्यात बराच करंट ओढते आणि उभ्या गाडीत पाच मिनिटांत तो भरून निघेलच, याची खात्री नाही. शिवाय इंजिन नीट तापत नाही, त्यामुळे ज्वलनातून तयार झालेलं पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये साचतं. त्यापेक्षा आठवड्या-पंधरवड्यातून एकदा अर्धा तास गाडी रस्त्यावर चालवणं कितीतरी चांगलं. वरठीहून भंडाऱ्याला जाऊन परत आलं, तरी काम होतं.

चालवणारं कुणीच नसेल, तर दहा नंबरच्या पान्यानं बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवता येतं. पण गाडी अडीअडचणीसाठीच ठेवली असेल, तर हा उपाय अर्धवट ठरतो : मध्यरात्री पाना शोधणार कोण? अशा घरात बॅटरी हळूहळू भरत ठेवणारा छोटा चार्जर जास्त उपयोगी.

ई-२० पेट्रोलमुळे टाकी खराब होते का?

सोशल मीडियावर सर्वाधिक भीती याचीच आहे. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं, हे खरं. पाणी फार वाढलं, तर इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि पंप इंधन ओढतो तेही तळाजवळूनच. पण आजच्या कारची टाकी बऱ्यापैकी बंदिस्त असते, त्यामुळे चार-सहा आठवड्यांत असं होण्याची शक्यता कमी. पाव टाकी पेट्रोल ठेवून अख्खा पावसाळा गाडी उभी ठेवणं मात्र धोक्याचं. जुन्या, कार्बोरेटरच्या गाड्यांना तर आणखीच.

पंपावर पर्याय मिळण्याची शक्यता सध्या दिसत नाही. इथेनॉलविरहित पेट्रोलची मागणी करणारी याचिका सुप्रीम कोर्टानं १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानंही मान्य केलं आहे. मग हातात एवढंच उरतं की, सुट्टी संपवून निघताना टाकी फुल्ल करून जावी. आत हवा कमी, म्हणजे ओलावाही कमी. (इथेनॉल उसाबरोबरच मका आणि तांदळापासूनही बनतं. धानाच्या भंडारा जिल्ह्यासाठी हा गमतीशीर योगायोग.)

हँडब्रेक ओढून ठेवू नये, दमट हवेत तो चिकटतो. गाडी गिअरमध्ये टाकून चाकाला दगड किंवा लाकडाचा ठोकळा लावावा. टायरमध्ये हवा थोडी जास्त भरावी. प्लास्टिकची ताडपत्री टाळावी, कारण आत घाम धरतो. आणि धान कापणीनंतर बोनेट उघडून बघावंच, कारण शेतातले उंदीर वायरी कुरतडतात.

कागदपत्रांचं काय?

बॅटरी उतरल्याचं निदान कळतं, पॉलिसी संपल्याचं कळत नाही. ती संपून ९० दिवस उलटले, की जास्तीत जास्त ५० टक्क्यांपर्यंत मिळणारा नो क्लेम बोनस जातो. थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणली, तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण खरी भीती दंडाची नाही. नागपूरच्या वाटेवर अपघात झाला, तर समोरच्याची नुकसानभरपाई मालकाच्या खिशातून जाते.

एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना एचएसआरपी नंबर प्लेटही लागते, मग ती एमएच-३६ अंगणातून महिनोन् महिने हललेली नसली तरी. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण येतं आणि वीस वर्षांपुढच्या कारसाठी ही फी ऑगस्ट २०२५ पासून ५,००० वरून १०,००० रुपये झाली आहे. वर्षातून दहा-बारा वेळाच निघणाऱ्या जुन्या कारवर एवढा खर्च करायचा, की त्याच पैशात गरजेच्या वेळी येणारा गावातला गाडीवाला बांधून ठेवायचा, हा हिशेब काही घरांनी यंदाच्या दिवाळीत करून बघायला हरकत नाही.