बॅगेतली औषधं आणि दोन देशांच्या नोंदी



भारतातून आई-बाबा जर्सी सिटीला आले की बॅगेत भाजणी आणि लाडवांखाली औषधांचा डबा असतोच. यंदा आमच्याही घरी निघाला, आणि त्यात निमेसुलाइडच्या दोन स्ट्रिप होत्या. "गुडघा दुखला की एक घेते, काही होत नाही," इति आई.

हे औषध अमेरिकेत कधीच मंजूर झालेलं नाही. यकृताला इजा झाल्याच्या नोंदींमुळे फिनलंड आणि स्पेनने २००२ मध्ये, तर आयर्लंडने २००७ मध्ये त्याची विक्री थांबवली. भारतात मात्र ते सर्रास मिळत राहिलं. आमच्या पिढीतल्या अनेकांना लहानपणी तापात चमच्याने पाजलेलं औषध हेच! १२ वर्षांखालील मुलांसाठी त्यावर बंदी आली ती थेट २०११ मध्ये.

हे कळतं कसं? आम्हा आयटीवाल्यांना बग रिपोर्ट चांगलाच ठाऊक. औषधांचंही तसंच आहे. एका तक्रारीने काहीच सिद्ध होत नाही. पण एखाद्या औषधाबरोबर एखादा त्रास अपेक्षेपेक्षा जास्त वेळा नोंदला गेला, की तपास सुरू होतो. अमेरिकेत १९९३ पासून 'मेडवॉच' आहे. भारताच्या २००४ च्या राष्ट्रीय कार्यक्रमात मुंबईचं केईएम हे विभागीय केंद्र होतं. २०१० मध्ये कार्यक्रम नव्याने उभा राहिला आणि आता तो गाझियाबादहून चालतो. दोन्ही देशांच्या नोंदी पुढे स्वीडनमधल्या उप्साला इथल्या जागतिक संग्रहात जातात.

या पद्धतीची मर्यादाही आपल्याच न्यू जर्सीत दिसली. इथल्या मर्क कंपनीचं 'वायॉक्स' २००४ मध्ये बाजारातून मागे घेतलं गेलं, ते कंपनीच्याच एका चाचणीतल्या आकड्यांमुळे. यकृत अचानक निकामी होणं दुर्मिळ, म्हणून ते नोंदींत उठून दिसतं. साठीतल्या माणसाला हार्ट अटॅक आला तर गोळीचा संशय कोणाला येणार? शिवाय औषध एकूण किती जणांनी घेतलं, हा आकडा या नोंदींत नसतोच.

आता आमच्या आईचा विचार करा. उद्या तिला इथे कावीळ झाली, तर इमर्जन्सीतला डॉक्टर औषधांची यादी विचारेल. ती बीपीची गोळी सांगेल, गुडघ्याची सांगणार नाही, कारण "ते काय औषध आहे का!" म्हणजे अमेरिकेच्या नोंदीत औषधाचं नाव नाही, आणि भारताच्या नोंदीत तर पेशंटच नाही. दोन्ही देशांत मिळून माहिती शून्य. असे किती आई-बाबा दरवर्षी सहा-सहा महिने इथे येऊन राहतात!

म्हणून दवाखान्यात जाताना अख्खा डबाच न्यावा, रिकाम्या स्ट्रिपसकट. आपल्याकडच्या ब्रँडची नावं इथे कोणाला कळत नाहीत, मूळ औषधाचं नाव स्ट्रिपवरच असतं. डॉक्टरने नोंद केली नाही तर आपणही करू शकतो. पेशंट कोण, कळवणारा कोण, संशय कोणत्या औषधाचा आणि त्रास काय, एवढं किमान लागतं. बॅच नंबर आणि गोळी सुरू केल्याची तारीख दिली तर उत्तमच. मेडवॉचचा फोन १-८००-३३२-१०८८, भारतात १८००-१८०-३०२४. आईच्या डब्याच्या झाकणावर आम्ही दोन्ही लिहून ठेवले आहेत.