वासाचा भाव

मध्यमवर्गीय नाकासारखं दुटप्पी इंद्रिय दुसरं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. एस. टी.त शेजारचा माणूस तळहातावर चुना-तंबाखू मळायला लागला, की हे नाक ताबडतोब रुमालात शिरतं. तेच नाक मोठ्या दुकानात काचेच्या बाटलीसमोर समाधी लावतं. विक्रेती हळूच सांगते, ‘‘सर, यात टोबॅकोची नोट आहे.’’ आणि त्या एका नोटेसाठी सर पाचशेच्या किती नोटा मोजतात, ते घरी सांगत नाहीत.

आमचे एक मेहुणे आहेत. शिपाई तंबाखू खातो म्हणून त्याला फाइल दारातूनच द्यावी लागते. स्वतः मेहुणे मात्र रोज सकाळी दोन्ही कानांमागे तंबाखू फवारून हापिसात जातात.

‘‘अहो, हा तंबाखू वेगळा,’’ ते म्हणाले.

‘‘वेगळा म्हणजे?’’

‘‘यात व्हॅनिला असते.’’

शिपायाने उद्यापासून चुन्याऐवजी व्हॅनिला मळली तर चालेल का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. बायकोचा भाऊ आहे!

हा उद्योग मूळचा फ्रेंचांचा. १९१९ साली पॅरिसच्या कारोन कंपनीने ‘ताबा ब्लाँ’ नावाचं अत्तर काढलं, ते सिगारेट ओढू लागलेल्या नव्या बायकांसाठी. जाणकार म्हणतात, त्यात तंबाखूपेक्षा चामड्याचाच वास जास्त. म्हणजे कोल्हापुरी वहाणेवर चिमूट सांडावी तसा प्रकार! १९५९ साली जर्मनांनी ‘टबाक’ आणलं, २००७ साली टॉम फोर्ड यांनी ‘टोबॅको व्हॅनिल’. आमच्याकडे उलटी तऱ्हा. आम्ही केवडा, केशर घालून जर्दा आणि किमाम करतो. ते तंबाखू अत्तरात घालतात, आम्ही अत्तर तंबाखूत घालतो. त्यांचं मनगटावर राहतं, आमचं तोंडात जातं आणि पुढे टाटा हॉस्पिटलची वाट दाखवतं.

आता खरं बोलायचं तर वासाबद्दल माझी तक्रार नाही. शेतातल्या हिरव्या पानाला तो नसतोच. पान वाळवावं, मुरवावं, मग त्यातून मध, मनुका आणि वाळलेल्या गवताची गंजी असा एकत्र वास यायला लागतो. पुष्कळदा तर बाटलीत पानाचा अंशही नसतो. टोंका नावाच्या बियांत कुमारिन असतं, त्याला असाच गवताचा वास. पर्किन नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८६८ साली ते प्रयोगशाळेत बनवलं. तेव्हापासून तंबाखूचा भास करून द्यायला तंबाखू लागतोच असं नाही.

माझं भांडण पुढेच आहे. जिथे खरं पान वापरतात, तिथे त्याच्या अर्कातलं निकोटीन साधारणपणे काढून टाकतात. का? तर गिऱ्हाइकाच्या कातडीला त्याची बाधा होऊ नये म्हणून. काय ही काळजी! मनगटावरचे दोन थेंब, पण तेवढ्यापुरतीसुद्धा जोखीम नको.

आणि सोलापूरकडे, निपाणीकडे विड्या वळणाऱ्या बाया? मांडीवर सूप, सुपात तंबाखू, तेंदूची पानं कापायला कात्री. हजार विड्यांवर मजुरी. दिवसभर तोच चुरा बोटांतून फिरतो, त्याची धूळ छातीत जाते, निकोटीन कातडीतून अंगात मुरतं. त्यांच्या सुपातलं निकोटीन कुणी काढत नाही. काढतील कसं? विडी ओढणाऱ्याला तेच तर हवं असतं! संध्याकाळी साबणाने हात घासले तरी वास जात नाही. मेहुण्यांची बाटली दुपारी दोनलाच उडून जाते. टिकाऊपणाच पाहायचा, तर खरं भारी अत्तर कुणाच्या हाताला आहे?

पण त्या हाताला आपण ‘वास’ म्हणतो आणि बाटलीला ‘सुवास’. मधला ‘सु’ दुकानदार विकतो.

म्हणून माझं मागणं साधं आहे. तंबाखूवर रागवायचं तर जरूर रागवा. त्याने घरंच्या घरं बसवली आहेत. राग विषावर काढा, मजुरी ठरवणाऱ्यावर काढा, त्या बायांना हातमोजे आणि दुसरं काम न देणाऱ्यांवर काढा. नाक मुरडायला जागा पुष्कळ आहेत. फक्त एस. टी.त शेजारी येऊन बसलेल्या बाईच्या बोटांवर ते मुरडू नका. त्या वासाचे पैसे तिला कुणी दिलेले नाहीत.